मांगरातला गिअरबॉक्स

कोकणातल्या माणसाला गिअर आधी कानाने कळतो. गाडीचं चाक हातात येण्याच्या कितीतरी आधी, एसटीत खिडकीपाशी बसून, त्याने तो ऐकलेला असतो. घाटी लागली की इंजिनाचा आवाज जड होतो. ड्रायव्हरचा डावा पाय खाली जातो, तो लांब वाकलेला दांडा थरथरत एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि आवाज पुन्हा मोकळा होतो. कणकवलीहून कलमठ, वरवडे, रामगड करत आचऱ्याला येणारी गाडी कुठल्या चढावर आहे, हे नुसत्या आवाजावरून सांगणारी मुलं आमच्या पिढीत होती. पुढे गाडी शिकताना पहिला धडा मिळाला तो उताराचा: ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली या घाटांनी हा नियम कितीएक पिढ्यांच्या अंगात मुरवला आहे. ब्रेक तापू द्यायचे नसतील तर इंजिनालाच गाडी धरायला लावायची. चिऱ्यांनी भरलेला ट्रक घेऊन उतरणाऱ्याला ते कुणी नव्याने सांगावं लागत नाही.

असं ज्यांच्या कानात बसलेलं आहे अशा माणसांनी, आचऱ्यातल्या एका मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या कौलारू खोपीत, भर पावसात, एका जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला आणि तिथे हाताने टाकायचा गिअरबॉक्स चढवला. मी त्या कामाला हाताशी होतो. स्पॅनर देणं, दिवा धरणं, सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधणं, एवढंच माझं काम. पण जुन्या वस्तूचं आपण काय करावं, कुणी करावं आणि किती करावं, याविषयी मला आज जे ठामपणे वाटतं, ते त्या मांगरात वाटू लागलं.

गाडी माझ्या मित्राची. तो आमच्याच वाडीतला, नोकरी मुंबईत. परदेशातून परतणारी माणसं एके काळी आपली गाडी सोबत घेऊन येत. त्यांतलीच ही एक, हात बदलत बदलत त्याच्यापर्यंत आलेली एमजीबी. ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेस या नावातून एमजी ही अक्षरं आली आणि त्यांच्या गाड्या जवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत. १९६२ ते १९८० या काळात तिथून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. श्रीमंतांची म्हणून ती कधीच बनवली गेली नव्हती. पगारदार तरुणाला परवडावी, घरच्या घरी दुरुस्त करता यावी, वळणांवर हलकी वाटावी, एवढ्यासाठी ती होती. त्यांतल्या फार थोड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. बोर्ग-वॉर्नर कंपनीचा तीन गिअरांचा ‘टाइप ३५’ हा बॉक्स १९६७ पासून १९७३ पर्यंत ग्राहकाच्या मागणीनुसार बसवला जाई. मित्राची गाडी त्या थोड्यांपैकी होती.

मांगर ज्यांचा, त्या मेकॅनिक मेस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, “ह्या तर आपल्या ॲम्बॅसिडराचा इंजिन!”

ते खरं होतं. इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या ‘बी सीरिज’ या एकाच घराण्यातली ही दोन इंजिनं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बॅसिडरमध्ये बसवलेलं १४८९ सीसीचं, एमजीबीचं १७९८ सीसीचं. एमजीबीच्या पिस्टनचा व्यास मोठा, पण त्याची वरखाली चाल दोन्हीकडे तीच, ८८.९ मिलिमीटर. सुटे भाग उचलून जसेच्या तसे बसतील असं नाही, पण टॅपेट कुठे, डिस्ट्रिब्युटर कुठे, तेल कुठून गळणार, हे हाताला आधीच ठाऊक असतं. मेस्त्रींनी उभं आयुष्य ॲम्बॅसिडर, फियाट आणि जीपवर काढलेलं. ॲबिंग्डनला ते कधी गेले नव्हते आणि जाण्याची गरजही नव्हती.

गिअरबॉक्सचं तसं नव्हतं. दुसऱ्या गिअरात गाडी घसरत होती, म्हणजे इंजिन जोरात फिरे आणि चाकांपर्यंत ताकद पोचत नसे. तेलाला जळका वास येत होता. मुंबईत आणि कोल्हापुरात मित्राने विचारपूस केली होती. कुणी भाग मागवा म्हणालं, कुणी गाडी सोडून जा म्हणालं, खात्रीने कुणीच बोललं नाही. मेस्त्री मात्र स्पष्ट बोलले, “ह्याच्या पोटात काय आसा ता माका म्हायत नाय. माका म्हायत नसलेला मी उघडूचंय नाय.” या वाक्याने मेस्त्रींविषयी माझा आदर दुणावला. आपल्या ज्ञानाची वेस कुठे संपते हे ज्याला नेमकं कळतं, त्याच्या हाती वस्तू निर्धास्त सोपवावी.

त्या बॉक्सच्या पोटात खरोखर मोठी कारागिरी असते. पुढे टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिनाने फिरवलेलं तेल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि त्यांना फिरवतं. दोघांमध्ये घट्ट जोड नसल्याने गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. मागे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांचा संच, त्याला धरणारे आणि सोडणारे क्लच व पट्टे, आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारी तेलाच्या वाटांची एक ठोकळ्यासारखी पेटी. वेग किती, पाय किती दाबलाय, हे तेलाच्या दाबावरून जोखून ती पेटी गिअर ठरवते. संगणकाचा पत्ता नसलेल्या काळात तेल, स्प्रिंग आणि झडपा यांच्याकडून निर्णय घेववणं ही साधी गोष्ट नव्हती.

म्हणून ऑटोमॅटिकला आळशांची सोय म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. १८९१ च्या सुमारास एमिल लव्हासोर यांनी इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दातांचा गिअरबॉक्स अशी मांडणी केली आणि जगभरच्या गाड्या दीर्घकाळ तिच्यावर चालल्या. पण ते दात एकमेकांत नेमके बसवणं ही ड्रायव्हरची रोजची कसोटी होती. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, तेव्हा गिअर पडण्याआधी चक्रांचे वेग जुळू लागले. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक आला आणि क्लचचं पेडलच गेलं. डावा पाय गमावलेल्या माणसाला, गुडघ्याने साथ सोडलेल्या म्हाताऱ्याला, मुंबईच्या रस्त्यावर तासन्‌तास रखडणाऱ्याला त्या शोधाने स्वतःची गाडी स्वतः चालवण्याचं स्वातंत्र्य दिलं. ते फार मोठं आहे.

स्पोर्ट्स कारची गोष्ट मात्र निराळी ठरली आणि ती पहिल्यापासूनच. अमेरिकेतली नावाजलेली शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली ती फक्त ऑटोमॅटिक म्हणून. त्या वर्षी बनलेल्या ३०० च्या ३०० गाड्या पांढऱ्या रंगाच्या आणि सगळ्यांना दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड बॉक्स. दिसायला धावपटू, पण चालवणाऱ्याच्या हाताला काम नाही. १९५५ मध्ये नवं व्ही-एट इंजिन आलं आणि त्याच वर्षी हाताने टाकायचा तीन गिअरांचा बॉक्सही मिळू लागला. कारखान्याने स्वतःच ऑटोमॅटिककडून मॅन्युअलकडे वळण घेतलं होतं. ती वाट आजही बंद झालेली नाही. फेरारीच्या काही गाड्यांचा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर चालणारा बॉक्स काढून तिथे जुना धातूच्या जाळीतला दांडा बसवून घेणारे मालक आहेत. ॲस्टन मार्टिनच्या स्वतःच्या कार्यशाळेने पहिल्या पिढीच्या व्हँक्विशसाठी असाच बदल करून देऊ केला. ज्यांना कशाचीच वाण नाही अशी माणसं पैसे मोजून डाव्या पायाचं काम परत विकत घेतात. आपल्या हाताविना यंत्र पुढे जात राहिलं तर आपण त्याच्यासोबत आहोत असं माणसाला वाटत नाही. हाताचं काम परत मागण्यामागे मला हेच दिसतं.

आमच्यापुढचा प्रश्न मात्र नुसत्या हौसेचा नव्हता. ऑटोमॅटिक एमजीबी विरळा. ती मॅन्युअल केली तर विरळा वस्तू चारचौघींसारखी होणार. तशीच ठेवली तर ती चालणार नाही, आणि समुद्रापासून इतक्या जवळ न चालणारी गाडी म्हणजे गंजाच्या स्वाधीन केलेली गाडी. कायद्यालाही मूळपणाची चाड आहे. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार झालेला नको. ही अट मला रास्त वाटते. जुन्या वस्तूचं मूळ रूप ही एका अर्थी सगळ्यांची ठेव असते, मालक ती काही काळ सांभाळतो.

मग मित्राच्या हाती कारखान्याची जुनी पुस्तिका पडली आणि तिने वाट दाखवली. १९६७ च्या शेवटी एमजीबीचं दुसरं रूप आलं तेव्हा सीटांच्या मधला, गिअरबॉक्स झाकणारा पत्र्याचा बोगदा कारखान्याने मुद्दाम रुंद केला होता. ऑटोमॅटिक त्यात मावावा आणि त्याच वेळी आलेला चारही गिअरांना सिंक्रोमेश असलेला नवा मॅन्युअल बॉक्सही मावावा, यासाठी. म्हणजे बनवणाऱ्यांनीच दोन्हींना जागा ठेवली होती. आमच्या कामात पत्रा कापायचा नव्हता, सांगाड्याला वेल्डिंगची टॉर्च लावायची नव्हती, इंजिन तेच राहणार होतं. जे बसवायचं ते बोल्टांनी आणि जे काढायचं तेही बोल्टांनी. तिथे मित्राची घालमेल संपली.

काम मात्र गिअरबॉक्स बदलण्यापुरतं कधीच नसतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाच्या मागे पातळ पोलादी चकती असते. मॅन्युअलला तिथे जड बिडाचं फ्लायव्हील लागतं, कारण क्लचची प्लेट त्याच्यावर घासून धरायची असते. क्रँकच्या टोकात छोटा ब्राँझचा बुश ठोकावा लागतो. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट त्यात टेकतो. अंगठ्याएवढा तो बुश विसरला तर सगळी मेहनत वाया, म्हणून मेस्त्रींनी तो आदल्या दिवसापासून तेलात भिजत घातला होता. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. प्लेट मधोमध बसली नाही तर बॉक्स आत जात नाही. शोरूमच्या खास अवजाराऐवजी मेस्त्रींनी जाड सळी घासून तिला नेमका आकार दिला.

पुढे पेडल. ऑटोमॅटिकला दोनच असतात. पेडलांची अख्खी चौकट उतरवून तीन पेडलांची बसवली. क्लचचा मास्टर सिलिंडर, तिथून खाली जाणारी नळी, बॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर आणि त्यातली हवा काढण्याचं चिकाटीचं काम. कार्बोरेटरपासून जुन्या बॉक्सकडे जाणारी, पाय दाबताच खालचा गिअर पाडणारी केबल आता निरुपयोगी होती, ती गुंडाळून ठेवली. बॉक्सला मागून धरणारा आडवा पट्टा बदलला. प्रॉपेलर शाफ्टची लांबी मोजून जुळवली. दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर असल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच होता, त्याच्या तारा जोडून घेतल्या, नाहीतर गाडी सुरूच झाली नसती. मागच्या पांढऱ्या दिव्याची तार नव्या बॉक्सवरच्या स्विचला नेली. आणि वेग दाखवणारा काटा खरं बोलतोय ना, हे पाहायला मालवण रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांशी ताळा घेतला.

नवे भाग इंग्लंडहून आले. या गाडीची बॉडी-शेलसुद्धा १९८८ पासून तिथे पुन्हा बनू लागली, त्यामुळे तिचं काहीच मिळत नाही असं होत नाही. पण भाग आले म्हणजे गाडी झाली, असंही होत नाही. मांगराच्या कौलांवर पाऊस कोसळत असताना, जांभ्याच्या ओलसर जमिनीवर फळी टाकून तिच्यावर पाठ टेकणारा माणूस लागतो. बोल्ट किती आवळला की पुरे आणि कधी तो रडकुंडीला आला, हे मनगटाने ओळखणारा माणूस लागतो.

जुना बॉक्स खाली उतरला तेव्हा मित्राने तो कोपऱ्यात सरकवायला सांगितलं. मेस्त्रींनी मान हलवली. “काढलेला काय एक फेकू नकात. पेटयेत घालून ठेवा.” मग फणसाच्या फळ्यांची एक पेटी झाली. बॉक्सची भोकं बुचांनी बंद केली, तेल चोळलं, टॉर्क कन्व्हर्टर, पातळ चकती, दोन पेडलांची चौकट, आडवा पट्टा, ती केबल, प्रत्येकाला चिठ्ठी. सोबत एक वही. काय काढलं, का काढलं, कुठली तार कुठून कुठे नेली, सगळं तारखेसह. पुढे कधी ही गाडी दुसऱ्याच्या हाती गेली तर पेटी तिच्याबरोबर जाईल.

पेटी बनत होती तेव्हा माझ्या मनात गावपळण होती. काही वर्षांनी एकदा आचरे गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामं होतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्या जातीधर्मांची घरं वेशीबाहेर निघतात, माळावर राहुट्या पडतात, तिथेच चुली पेटतात, तिथेच रात्री जागवल्या जातात. घरं मात्र कुणी मोडत नाही. परतण्याचा कौल मिळाला की प्रत्येकजण आपल्याच उंबऱ्यातून आत येतो. आपल्या राहणीत एवढी मोठी उलथापालथ करतानाही परतीची वाट शाबूत ठेवायची, हे शहाणपण या गावाने शतकानुशतकं पाळलं आहे. फणसाच्या पेटीत मला तेच दिसलं. बदल करावा, जरूर करावा. पण आपल्या नंतर येणाऱ्याला आपला बदल पुसून टाकावासा वाटला तर त्याला तो पुसता आला पाहिजे. वस्तूचा शेवटचा मालक आपणच, अशा थाटात तिच्यावर करवत चालवू नये.

पाऊस उघडल्यावर गाडी रस्त्यावर आली. हडी, कोळंब करत मालवणला जाणारा तो रस्ता मी हजारदा पाहिला असेन, पण तिसरा गिअर दुसऱ्यात आणताना टाचेने थोडा ॲक्सिलरेटर दिला आणि दांडा कसलाही अडथळा न होता आत गेला, तेव्हा वळणाची नेमकी गोलाई मला तळहातात कळली. कुठे धरायचं, कुठे सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं, म्हणून पुढचं वळण आधी बघावं लागतं, म्हणून रस्ता खरोखर दिसतो. लक्ष देणं ही या यंत्राची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी आमच्या हवेने केलेली. दमट हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर क्लचची प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते आणि मग गिअरच पडत नाही. चाकरमान्यांच्या कितीतरी गाड्या अशा बंद घराशेजारी चिकटून बसलेल्या मिळतात. त्यावरचा उपाय मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवला: लांब मुदतीसाठी गाडी ठेवायची झाली तर क्लचचं पेडल वाशाच्या तुकड्याने दाबून ठेवायचं. त्याहून चांगला उपाय म्हणजे गाडी चालवायची. मित्राने चावी गावातच ठेवली आहे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ती बंदरापर्यंत नेऊन आणतं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पटली आहे. वस्तू कागदोपत्री कुणाचीही असो, ती त्या गावची होते जिथले हात तिला उघडून पुन्हा जोडू शकतात. ही एमजीबी आचऱ्यात आली तेव्हा अर्धी परकी होती. इंजिनाची ओळख मेस्त्रींना बॉनेट उघडताच पटली, पण बोगद्याखालचा अर्धा भाग कुणालाच उमगत नव्हता. आता तिचा एकही नट असा नाही जो या गावात कुणी सोडवू शकणार नाही. मूळपणाचा विचार करताना आपण कारखान्याकडे बघतो, ते योग्यच. पण ज्या हातांनी ती चालती राहते त्यांच्याकडेही तितक्याच आदराने बघावं. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मेस्त्री रोज सकाळी मांगर उघडतात.

काळ पुढे चालला आहे. एमजीचीच अक्षरं लावलेल्या विजेच्या गाड्या आज गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यातून निघतात. त्यांत गिअर टाकण्याचा प्रश्नच नाही; मोटर आणि चाकं यांच्यामध्ये दातांची एकच कायमची जोडी. त्या येतील, कोकणातल्या मुलांच्या कानात वेगळा आवाज बसेल, आणि त्यात वाईट काही नाही. मला हवं आहे ते एवढंच की त्या गाड्याही इथल्या हातांना उघडता याव्यात. जी वस्तू आपल्याला फक्त वापरता येते आणि बिघडली की दूर कुठेतरी पाठवावी लागते, तिच्याशी नातं जुळायला वेळ लागतो.

म्हणून मेस्त्रींच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाने गणपतीच्या सुट्टीत जे विचारलं, त्याचा मला फार आनंद झाला. आयटीआयला जाणारा मुलगा. फणसाची पेटी उघडायची परवानगी त्याने मागितली. तो ऑटोमॅटिक बॉक्स टेबलावर घेऊन, भाग सुटे करून, पुन्हा जोडून बघायचं त्याच्या मनात आहे. मित्राने हो म्हटलं. मेस्त्री म्हणाले, ते बाजूला बसून बघतील. मी त्याच्यासाठी त्या बॉक्सची दुरुस्ती-पुस्तिका मिळवून छापून दिली आहे. त्याला ते जमलं तर गाडीला दोन गिअरबॉक्स असतील, दोन्ही चालू, आणि कुठला बसवायचा ते पुढचा मालक ठरवेल. ते जमावं, आणि ते याच मांगरात जमावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.